दोणीतला डबा

"आधी ते केस नीट बांध गो बाय," मेथरकाका म्हणाले.

केस बांधलेलेच होते. कुडाळहून निघतानाच मी घट्ट अंबाडा घातला होता, वर रुमाल आवळला होता आणि त्यावर हेल्मेट चढवून स्कूटरवरून मालवणला आले होते. तरी मी रुमाल सोडला आणि त्यांच्यासमोर पुन्हा बांधला. या म्हाताऱ्याशी वाद घालून काही निघत नाही, हे एव्हाना कळून चुकलं होतं.

"आता बरा," ते म्हणाले, आणि उजेडाकडे तोंड करून डबा बंद करायला लागले. उजेडात रिंग नीट दिसते, असं त्यांचं म्हणणं. मला दिसायची ती त्यांची पाठ आणि मानेवरचे बारीक कापलेले पांढरे केस.

त्यांच्या विहिरीला लागून एक लांबट दगडी दोण होती. कधीकाळी गुरं तिच्यातून पाणी पीत असतील. आता गुरं नव्हती, गोठ्यात माडाच्या झावळ्या रचलेल्या होत्या, पण दोण मात्र काका दर रविवारी घासून काठोकाठ भरून ठेवत. डबा त्यांनी पाण्यात सोडला. तो वर यायला लागला तसा त्यावर एक धोंडा ठेवला.

पाण्याखाली फोटो काढायचे तर कॅमेरा अशा पारदर्शक, जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून न्यावा लागतो. डब्याच्या तोंडाला एक काळी रबरी रिंग असते, आणि अख्खा समुद्र त्या रिंगेच्या भरवशावर बाहेर थांबतो. तिच्यावर वाळूचा कण राहिला, धागा राहिला, केस राहिला, की पाणी आत आलंच. म्हणून आधी रिकामा डबा बुडवून बघायचा. कॅमेऱ्याच्या जागी टिश्यू पेपरची घडी ठेवायची. कागद कोरडा निघाला तर डबा समुद्रात न्यायच्या लायकीचा.

"किती वेळ ठेवायचा?" पहिल्या रविवारी मी विचारलं होतं.

"जेवान होयसर," काका म्हणाले होते.

म्हणून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवत होते. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं, भात होता, सोलकढी होती. जेवण झालं, हात धुतले, मग काकांनी धोंडा बाजूला केला, डबा बाहेर काढला, टॉवेलनं पुसला आणि उघडला. कागद भिजून लगदा झाला होता.

"बघ," ते म्हणाले. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून त्यांनी ते वाऱ्यावर सोडलं. "परत केस. बायकांचे केस म्हणजे ना."

 एप्रिल अर्धा संपला होता.

*

पाण्याखालचा कॅमेरा मला कशाला हवा होता, हे सांगायला हवं.

मी एक्स-रे काढते. पुण्याहून माझी कुडाळच्या हॉस्पिटलात बदली झाली, त्याच वर्षी घटस्फोटही झाला. माझी मुलगी मृण्मयी तेव्हा आठवीत होती. कोर्टात तिला विचारलं, कुणाकडे राहायचं. तिनं स्पष्ट आवाजात सांगितलं, बाबांकडे. तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. पुण्यात तिची शाळा होती, मैत्रिणी होत्या, आजी होती. माझ्याकडे काय होतं? भाड्याच्या दोन खोल्या आणि एक टेबलफॅन.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. तिचे बाबा आठवण करून देत असावेत. मी दुपारपासून मनात प्रश्न जुळवून ठेवायची. डब्यात काय नेलंस, बाई काय म्हणाल्या, आजीचा गुडघा कसा आहे. एक संपला की लगेच दुसरा, म्हणजे तिला 'ठेवते' म्हणायला फट सापडू नये. ती 'हं' म्हणायची. 'बरा आहे' म्हणायची. प्रश्न संपायच्या आत 'ठेवते' यायचंच.

रविवारचा उरलेला दिवस कुठे घालवायचा म्हणून मी तारकर्लीला पाण्याखाली जायला शिकले. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगणारी बाई मी, आणि तिथला पहिला नियम नेमका उलटा, श्वास कधीही रोखायचा नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं रोखला आणि आमचा शिकवणारा दीपेश याने माझ्या पाठीत चापट मारली. ते सगळं मी फोनवर मृण्मयीला सांगितलं. नेहमीसारखं 'हं' येईल म्हणून मी थांबले.

"खाली कासव दिसतं?" तिनं विचारलं.

कित्येक महिन्यांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"दिसतं की."

"फोटो आहे?"

"पाठवते," मी म्हणाले. "आणि मे महिन्यात ये ना. प्रत्यक्षच बघ."

"बघू," ती म्हणाली. "आधी फोटो पाठव."

नवा कॅमेरा माझ्या आवाक्यातला नव्हता. मी मोबाइलवर शोधून पनवेलच्या एका माणसाकडून जुना घेतला. 'एकदाच वापरलाय मॅडम' असं तो म्हणाला. स्वस्त होता, चकचकीत होता, मी खूश. रिंग उघडून पाहायची असते हेच मुळी मला माहीत नव्हतं. जसा कुरिअरनं आला तसा घेऊन समुद्रात गेले. नशिबानं कासवही आलं. माझ्या अगदी समोरून, घाई नसलेल्या माणसासारखं, ते वळून गेलं, आणि मी बटण दाबत राहिले. वर आल्यावर डबा हलवला तर आत शहाळ्यासारखं पाणी खळखळलं. पनवेलचा माणूस त्यानंतर फोनवर कधी सापडला नाही.

बोटीवर माझं तोंड बघून दीपेशला दया आली असावी. "मेथर म्हातारो जुने कॅमेरे इकता," तो म्हणाला. "चांगले असतत. पण एक सांगतंय. म्हातारो इकता, पण सोडना नाय."

त्याचा अर्थ विचारावा असं मला तेव्हा सुचलं नाही.

*

मेथरकाका मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. जहाज आलं की त्याच्या बुडाखाली जायचं, कुठे गंजलंय, कुठे चेपलंय ते शोधायचं आणि फोटो काढून वर आणायचे.

"सगळो जल्म पाण्यात काढलंय," ते म्हणाले, "पण फोटो सगळे लोखंडाचे. मासो काय तो ताटात बघलंय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मस्कतला. तो पावसाच्या आधी येणार होता आणि काकांना घेऊन जाणार होता, कायमचं. म्हणून घरातलं एकेक सामान विकणं चाललं होतं. जाळी गेली होती, पलंग गेला होता, आता कॅमेरे राहिले होते. दोन.

पहिला त्यांनी स्वतःच बाद केला. दोणीतून काढला, भिंगातून पाहिला आणि कडीजवळची केसाएवढी चीर मला दाखवली. "ह्यो तुका दिलंय तर पाप लागात माका," असं म्हणून तो डबा त्यांनी सरळ विहिरीपलीकडच्या खड्ड्यात टाकला. माणूस खरा आहे अशी माझी खात्री पटली ती त्या दिवशी.

राहिला दुसरा. त्याला चीर नव्हती, कडी घट्ट होती, रिंग मऊ होती. पण रविवारमागून रविवार तो गळत होता, आणि दर वेळी दोष माझ्या केसांचा. पैसे घ्या आणि देऊन टाका, माझं मी बघते, असंही मी म्हणून पाहिलं.

"पैसे खय पळतत?" काका म्हणाले. "आधी कागद सुको रवांदे."

तोवर जेवणही वाढत चाललं होतं. पहिल्या रविवारी नुसती पेज आणि खटखटे लाडू होते. मग भात आला, मग मासे आले. मला तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आवडतात असं बोलता बोलता निघालं, तर पुढच्या वेळी तिसऱ्या होत्या. पाट सुरुवातीला एकच दिसायचा, मग माळ्यावरून दुसरा निघाला, घासूनपुसून. जेवताना काका जहाजांच्या गोष्टी सांगत. गोष्ट मध्येच सोडून ते वाढायला उठत, म्हणजे मी ती ऐकायला थांबे. मला ते सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू? आठवड्यात कुणी मला आग्रहानं वाढतंय अशी ती एकच वेळ होती. पण संध्याकाळी फोन यायचा.

"काढलास फोटो?"

"अगं, डबा अजून गळतोय. पुढच्या रविवारी नक्की."

असं मार्चमध्ये झालं, एप्रिलमध्ये झालं. मेही अर्धा सरला तेव्हा मृण्मयी म्हणाली, "तू दर वेळी हेच म्हणतेस. राहू दे आई. इथे एक क्लास आहे सुट्टीत, तो लावतेय बहुतेक. पुढच्या रविवारी बाबांना नक्की सांगायचंय."

म्हणजे माझ्या हातात एकच रविवार होता. पावसाच्या तोंडावर बोटी बंद होतात, त्यामुळे समुद्राचाही तो जवळपास शेवटचाच. दीपेशला मी सांगून ठेवलं की दुपारच्या बोटीत माझी जागा धर. डबा कोरडा निघाला की तशीच निघायचं, कासव शोधायचं आणि तिचा फोन येण्याआधी फोटो पाठवायचा.

आणि बाजारातून मी पोहण्याची रबरी टोपी आणली.

*

"ह्यां काय घातलंस डोक्यार?" काकांनी दारातच विचारलं.

"टोपी. आता एक केस पडायचा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या उन्हात, कपाळापासून मानेपर्यंत निळ्या रबरात आवळलेली बाई दारात उभी, म्हणजे बघण्यासारखंच होतं. पण ते हसले नाहीत.

"गरम होतला गो."

"होऊ दे. काका, आज मला दुपारची बोट गाठायचीय. मुलगी आज ठरवणार आहे, यायचं की नाही. आजचा दिवस साधला पाहिजे."

"आज?" ते म्हणाले. "बरा."

मी रिंग स्वतः पुसली. ग्रीसचं बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी डबा दिला. ते उजेडाकडे वळले. त्या दिवशी त्यांना जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं, पण घाईत असलं की सगळ्यालाच वेळ लागतोय असं वाटतं. डबा पाण्यात गेला, वर धोंडा बसला, आणि काका मासे तळायला आत गेले.

मी दोणीच्या काठावर बसून राहिले. टोपीतून घाम गळ्यावर उतरत होता. पाणी स्थिर झालं तसा डब्यातला कागद दिसायला लागला, पांढरा, घडी घातलेला. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. आणि मग त्याचा एक कोपरा काळपट झाला. तो डाग हळूहळू घडीवर पसरत गेला.

जेवणाआधी डबा उघडायचा नाही, हा काकांचा नियम. मी तो मोडला. धोंडा ढकलला, डबा ओढून काढला, टॉवेलनं पुसला आणि उघडला.

रिंगेवर, कडीच्या बाजूला, एक केस होता. आपसूक पडलेला केस वेडावाकडा पडतो. हा सरळ होता. रिंगेवर आडवा ठेवून त्याची दोन्ही टोकं ग्रीसमध्ये नीट दाबलेली होती. बोटाच्या पेराएवढा होता. पांढरा.

समजायला मला थोडा वेळ लागला. मग डोक्यात अशी तिडीक उठली की टोपीखाली कानशिलं उडायला लागली. ते सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. पुन्हा पुन्हा आवळलेला रुमाल, लगदा झालेले कागद, 'बायकांचे केस म्हणजे ना', आणि दर वेळी मान खाली घालून 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणणारी मी. माझी मुलगी मला दुरावत चालली होती आणि हा माणूस माझ्याशी खेळ करत होता. केस बोटावर घेऊन मी तशीच मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे गेले. चांगले चार शब्द सुनवायचे, पैसे तोंडावर टाकायचे आणि परत पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवूनच.

आत काका बोलत होते.

कुणी आलंय की काय म्हणून मी दाराशीच थांबले. आत ते एकटेच होते. दोन पाट मांडलेले, दोन ताटं घेतलेली. तव्यावरचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या ताटात ठेवला. स्वतःच्या ताटातला पाहिला, तोही उचलून माझ्या ताटात ठेवला. आणि माझ्या रिकाम्या पाटाकडे बघून ते सांगत होते.

"तर तां जहाज होता रशियाचा. बुडाक गेलंय, बघतंय तर काय... नाय, आधी कप्तानाचा सांगूक व्हया. तो कप्तान म्हणजे असो उंच. मगे तू विचारतलंस, किती उंच? मगे मी सांगतंय..."

ते थांबले. काहीतरी जुळेना, असं त्यांचं तोंड झालं. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तर तां जहाज होता रशियाचा.

मी पाय न वाजवता मागे फिरले. दोणीच्या काठावर येऊन बसले. दर रविवारी फोन येण्याआधी माझ्या खोलीत टेबलफॅनसमोर बसून मी काय करत असे, ते मला आठवलं. डब्यात काय नेलंस. बाई काय म्हणाल्या. आजीचा गुडघा.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात उलथणं तसंच होतं. उघडा डबा त्यांना दिसला.

"उघडलंस?"

"हो."

"जेवच्या आधीच?"

"आत पाणी दिसलं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं नाही. विहिरीकडे पाहिलं. उलथण्यावरून तेलाचा थेंब त्यांच्या पायावर पडला तरी ते हलले नाहीत.

"मगे? काय होता?"

केस माझ्या बोटाला चिकटलेला होता. मी बोट साडीला पुसलं.

"केस," मी म्हणाले. "माझाच. टोपीतून निसटला असणार."

काकांनी उघडा डबा उचलून काठावर पालथा ठेवला. 

"ती टोपी काढ," ते म्हणाले. "गरम होता तुका."

"काढते."

"फुडच्या आयताराक नवी रिंग घालूया. रिंगेचाच कायतरी चुकता."

"घालू या."

आम्ही जेवायला बसलो. रशियाच्या जहाजाची गोष्ट निघाली. कप्तान उंच होता म्हणाले तेव्हा मी विचारलं, किती उंच? काकांचा चेहरा असा उजळला की मला भातावरची मान वर करवेना. दुपारची बोट माझ्याशिवाय गेली.

संध्याकाळी मृण्मयीनं सांगितलं की क्लास लावला. मी बरं म्हणाले. त्या दिवशी माझ्याकडे एकही प्रश्न जुळवलेला नव्हता.

"ठेवते," ती म्हणाली.

"ठेव."

*

पुढच्या रविवारी मी टोपी न घालता गेले. त्याच आठवड्यात समुद्र बंद झाला होता, त्यामुळे कसली घाई नव्हती. येताना बाजारातून तिसऱ्या घेतल्या होत्या, म्हटलं आज आपण करू.

दाराला कुलूप होतं. खिडक्यांना आतून फळ्या लावलेल्या. शेजारच्या कुंदाताई कुंपणाशी आल्या.

"मस्कतचो झिल इलो बुधवारी, तिकिटां घेवनच," त्या म्हणाल्या. "काका म्हणत होते, आयतारापर्यंत रवूया. पण इमान कोणासाठी थांबता? काल गेले."

त्यांनी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत डबा होता, कॅमेरा वेगळा फडक्यात गुंडाळलेला, आणि टिश्यू पेपरच्या दोन घड्या.

"काही निरोप?"

"डबो बघून घे म्हणान सांगूक सांगल्यानी."

दोण रिकामी होती. मी रहाटानं पाणी काढून ती भरली, आधी घासायची असते, ते मी विसरले. डब्याला नवी रिंग होती. तिच्याकडे न बघता मी आत कागद ठेवला, डबा बंद केला, पाण्यात सोडला, वर तोच धोंडा ठेवला. जेवण होईपर्यंत थांबायचं होतं, पण जेवण कुठलं? तिसऱ्या कुंदाताईंना देऊन टाकल्या आणि पायरीवर बिस्किटांचा पुडा घेऊन बसले. माणूस एकटाच जेवला तर त्याला किती वेळ लागतो, याचा अंदाज करून थांबले. मग आणखी थोडी थांबले.

कागद कोरडा होता.

मी रिंगेवरून बोट फिरवलं. सगळीकडून. पुन्हा एकदा, डोळे मिटून, नुसत्या बोटानं. कडीच्या बाजूला विशेष हळू. एकही केस नव्हता. ज्या कोरड्या कागदासाठी इतके रविवार घातले तो माझ्या हातात होता, आणि तो ओला निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं. कुंपणापलीकडून कुंदाताईंना दिसत असेल, पण मी तोंड फिरवलं नाही.

मग मी कॅमेरा डब्यात घातला. समुद्र बंद होता, म्हणून दोणीत हात खांद्यापर्यंत घातला आणि बटण दाबलं. तळाचं शेवाळ, दगडावरच्या टाक्याच्या खुणा, एका बाजूला धोंडा. माझ्या हाती लागलेला पाण्याखालचा पहिला फोटो. खोलीवर येऊन तो मृण्मयीला पाठवला, वर काही लिहिलं नाही.

नेहमीची वेळ व्हायच्या आधीच फोन वाजला.

"आई, हे काय आहे?"

मी सांगायला लागले. दोण, कागद, धोंडा, टोपी, पांढरा केस, सगळं. मध्ये ती एकदाही 'हं' म्हणाली नाही.

"त्यांनी मुद्दाम ठेवला? दर रविवारी?"

"हो."

"तुला राग नाही आला?"

"आला."

"मग बोलली का नाहीस?"

 मी म्हणाले, "ते आत माझ्याशी बोलत होते गं. मी नव्हते तिथे, तरी."

 मला वाटलं, आता 'ठेवते' येणार.

"तूपण तसंच करतेस," ती म्हणाली. "प्रश्न ठरवून ठेवतेस. मला कळतं."

माझे कान तापले. 

"विचार ना," ती म्हणाली.

"काय?"

"काहीही. विचार."

"डब्यात काय नेलंस?"

"सुट्टी आहे आई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. ती दिवाळीत आली.

*

मेथरकाकांचे मस्कतहून दोन-चार फोन आले. तिकडच्या माशाला चव नाही म्हणायचे. पुढच्या वर्षी मुलाचाच फोन आला, आणि तो काकांबद्दलचा शेवटचा.

माझी पुढे बदली आली, पण मी खटपट करून कुडाळातच राहिले. मृण्मयी आता हैदराबादला असते. काम फार, सुट्ट्या थोड्या, यायचं म्हणजे वर्षातून एकदा, तेही उडत उडत. परवा आली ती एका रात्रीपुरती. मित्रमैत्रिणींबरोबर अंदमानला निघालीय, पाण्यात फोन न्यायची भीती वाटते म्हणाली, तुझा तो जुना कॅमेरा दे.

"आधी तपासून घ्यावा लागेल," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"जेवण होईपर्यंत."

तिनं बादली भरली. मी डबा घेऊन खिडकीशी गेले, उजेडाकडे तोंड केलं आणि रिंग बसवली. तिला माझी पाठ दिसत असणार, आणि मानेवरचे केस. ते आता सगळेच पांढरे झालेत.

जेवणं झाली. मृण्मयीनं बादलीतून डबा काढला, पुसला, उघडला. कागद ओला होता. तिनं रिंग जवळ नेऊन पाहिली, कडीच्या बाजूला थांबली, आणि नखानं काहीतरी उचलून बोटावर घेतलं. मी ताटं आवरत होते. मान वर केली नाही.

तिचे केस खांद्यापर्यंत आहेत, काळेभोर.

"माझाच केस आहे, आई," ती म्हणाली.

"असेल."

तिनं बोट ओढणीला पुसलं आणि फोन घेऊन तिकीट बदलायला लागली.

"परवा निघते मग," ती म्हणाली. "उद्या काय करतेस जेवायला?"

"तिसऱ्या आणते," मी म्हणाले.